दोन सीटच्या गाडीचे चार शॉकअप

गॅरेजवाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपले आपण चालत येतात. कारण गाडी बंद पडलेला माणूस गप्प बसूच शकत नाही! आधी गाडीबद्दल बोलतो, मग रस्त्याबद्दल, मग ज्यानं ही गाडी घ्यायला सांगितली त्या साळ्याबद्दल. माझं गॅरेज वाशीमला, पुसद नाक्याकडे. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कानावर पडलेलं सगळं सांगायला बसलो तर तुमच्या चहावर साय धरेल. म्हणून आज एकाच गाडीचं सांगतो. तेही अख्ख्या गाडीचं नाही. फक्त तिच्या शॉकअपचं!

* * *

गाडी आली ती ट्रकमध्ये बसून, कामरगावहून.

लाल, बुटकी, दोन दारं, दोन सीट. छत कापडाचं, घडी घालून मागे टाकायचं. साठेक वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार. फळ्या लावून खाली उतरवली तर माझ्या कमरेच्या थोडीच वर आली. पाच मिनिटांत अर्धा नाका गोळा झाला.

समोरचा चहावाला गजाननभाऊ हातात गाळणी घेऊनच आला. गाडीला एक चक्कर मारली. मागे वाकून पाहिलं. मग मला म्हणाला,

"विनूभाऊ, हे अर्धीच काहून आणली? बाकीची मांगून येऊन राह्यली का?"

ट्रकच्या केबिनमधून एक बाई उतरल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. त्या संध्या इंगळे मॅडम. इथल्याच एका शाळेत गणित शिकवतात. त्यांनी गजाननभाऊकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "बाकीची नाही. पूर्ण एवढीच असते."

मग वही उघडून त्यांनी मला काम सांगितलं. त्यांचे वडील दौलतबाबा अमरावतीला एका डॉक्टरसाहेबांकडे ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं ही गाडी त्यांनी चालवली. डॉक्टरसाहेबांना मूलबाळ नव्हतं. जायच्या आधी त्यांनी कागद मागवले आणि गाडी बाबांच्या नावावर केली. तेव्हापासून ती कामरगावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. आता बाबा एकोणऐंशीचे. मणक्याचा त्रास. आणि त्यांची मोठी बहीण, संध्या मॅडमची आत्या, मेडशीला. तिला आता घराबाहेर पडवत नाही.

"आत्यानं ही गाडी एकदाबी पाह्यली नाही," मॅडम म्हणाल्या. "बाबाले हिच्यात बसवून मेडशीले न्यायचं हाय. बाबाची कंबर दुखली नाही पाहिजे. गाडी वळणावर झुलली नाही पाहिजे. इंजिन मी करून घेतलं, टायर नवे हायत. शॉकअप चारही गेले. तेवढे तुमी निवडून द्या."

मी म्हटलं, "एवढंच? आठ दिवसांत देतो!"

हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद होता, पण तेव्हा कोणी हसलं नाही.

* * *

माझ्याकडे शॉकअपचं काम इस्माईल चाचा बघतात. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांची परीक्षा एकच. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा आणि सोडून द्यायचा. "एक डाव उठली, बसली, गप झाली, मंग शॉकअप चांगला. उठतच राह्यली, मंग गेला."

हा हात आता त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. उभी गाडी दिसली की तो आपोआप तिच्यावर जातो. मागे एका लग्नात आम्ही दोघं गेलो होतो. मंडपाबाहेर नवरदेवाची गाडी, झेंडूच्या माळांनी झाकलेली. चाचा गप्पा मारत मारत तिच्याजवळ गेले आणि दिला कोपरा दाबून! गाडीचा सायरन सुरू झाला. बँड थांबला. घोड्यावरचा नवरदेव मागे वळून बघायला लागला. मुलीचा बाप धावत आला.

चाचा अजिबात गोंधळले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मांगचा डावा गेला हाय. पोरीले उजवीकडून बसवा."

लाल गाडीचा कोपरा त्यांनी दाबला तेव्हा ती सात वेळा वरखाली झाली. चाचांनी हात काढून घेतला. "हे गाडी नाही, झुला हाय," म्हणाले.

मॅडमनी वहीत लिहिलं : 'सात.'

* * *

माझ्या शेजारी महावीरशेठचं पार्टचं दुकान आहे. शेठ मोठा सज्जन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा होणारा. त्यांच्याकडे जे नसतं ते जगात कुठेच नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गाडीखाली टेप धरला, आत गेले आणि एका जीपचे मागचे दोन शॉकअप घेऊन आले.

"लांबी बरोबर हाय ना? मंग झालं!"

मी म्हटलं, शेठ, जीपचं वजन बघा, हिचं वजन बघा. पण शेठ ऐकेनात. लावून तर पाहा, म्हणाले. लावले. खरंच बसले! शेठला इतका आनंद झाला की चाचणीला मीच येतो म्हणून ते मॅडमशेजारी जाऊन बसले. मांडीवर जेवणाचा डबा, कारण दिवस कलत आला होता आणि जेवण अजून व्हायचं होतं.

पुढच्या चौकात स्पीडब्रेकर आहे. मोठा नाही, साधाच. पण त्या शॉकअपला जीपचं ओझं सावरायची सवय. एवढीशी गाडी त्यांच्या खिसगणतीतही नव्हती. चाक चढलं तशी अख्खी गाडी दगडासारखी उडाली. मॅडमचा चष्मा डॅशबोर्डवर. डब्याचं झाकण रस्त्यावर. वरण शेठच्या पांढऱ्या शर्टवर, गळ्यापासून पोटापर्यंत.

परत आले तेव्हा आम्ही सगळे दारात उभे. शेठ हळूच उतरले. शर्टाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"लांबी बरोबरच हाय," म्हणाले. "गाडी चुकीची हाय!"

* * *

मॅडमचं डोकं मात्र त्याच दिवशी वेगळ्या दिशेनं चालायला लागलं. किती नरम पाहिजे हे आपण ठरवणार कोण? ज्याचा मणका, त्याला विचारा! त्यांनी ठरवलं की बाबांना वेगवेगळ्या गाड्यांत थोडं थोडं फिरवायचं आणि दहापैकी गुण द्यायला लावायचे.

दौलतबाबा आले. उंच, सडसडीत, कंबरपट्टा बांधलेला, पण दाढी चकचकीत केलेली. "जयभीम विनूभाऊ," म्हणाले आणि लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. तिच्याशी बोलल्यासारखं.

रविवारी आम्ही चाचणी सुरू केली. ऑटोला मिळाले तीन. माझ्या मोटरसायकलला पाच. शेजारच्या वकिलांची मोठी गाडी मागून आणली, तिला सात. मग माझी स्वतःची जुनी जीप निघाली. हिचे शॉकअप मी आणि चाचांनी जीव लावून बनवलेले. मी स्वतः चालवायला बसलो. नाक्यावरून स्टेशनपर्यंत गेलो, परत आलो. बाबांना हात देऊन उतरवलं.

मॅडम पेन धरून तयार. "बाबा, किती?"

बाबांनी विचार केला. "शॉकअपले आठ."

मी आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं. छाती फुगली!

बाबा पुढे म्हणाले, "डायवरले दोन."

मॅडमनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

* * *

आता आमच्यासमोर रस्ता स्पष्ट होता. जुन्या गाड्यांचे पार्ट पुरवणारा एक माणूस पुण्यात आहे, त्याला मॅडमनी व्हॉट्सॲपवर गाठलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला : 'गाडी कुठे चालवणार? शहरात, हायवेवर की रेसला?'

मॅडम गणिताच्या. अंदाजे उत्तर देणं त्यांना जमत नाही. त्या आमच्या गॅरेजमागच्या गल्लीत गेल्या. तिथं तेव्हा पाण्याच्या पाइपसाठी खोदून माती वर टाकलेली होती आणि मधून ट्रॅक्टर गेल्यानं दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या. त्यांनी उभं राहून नीट फोटो काढला. पाठवला. खाली लिहिलं : 'वाईटात वाईट धरून चाला.'

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

'मॅडम, शेताचा नको. रस्त्याचा फोटो पाठवा!'

* * *

त्या माणसानं तीन प्रकार सांगितले. एक गॅसचे, कडक. दुसरे साधे तेलाचे, मूळ गाडीत असायचे तसे. तिसरेही तेलाचेच, पण बाजूला बटण असलेले. बटण फिरवलं की कमी-जास्त नरम करता येतात. माझं मत बटणवाल्यांना. चाचांचं साध्या तेलाच्या. शेठचं गॅसच्या, कारण तसे मागवणं त्यांना सोपं. तीन दिवस वाद चालला. चहावाला गजाननभाऊसुद्धा मत द्यायला लागला, आणि त्याला शॉकअप कुठं असतो हेही माहीत नव्हतं!

शेवटी मीच घाई केली. शेठकडून गॅसचे मागवले, लावले. गाडीचा कोपरा दाबला तर एकदाच उठली, बसली. चाचांनीसुद्धा मान डोलावली. मी बाबांना बोलावलं.

बाबा दारातच थांबले. आत यायलाही तयार नाहीत.

"विनूभाऊ, ही उभी काहून हाय?"

"म्हणजे?"

"हे गाडी बसून असते. तुमी तिले उभी करून ठेवली."

टेप लावला. गॅसच्या जोरानं गाडी खरंच बोटभर वर उचलली गेली होती. आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. बाबा तरी पण बसले, मॅडमनी चक्कर मारली. परत आल्यावर त्यांना उतरताना दोघांनी धरावं लागलं. ओठ पांढरे पडले होते. मला स्वतःची लाज वाटली.

चार दिवस मॅडम आल्या नाहीत. आल्या तेव्हा वही उघडली नाही. डॉक्टरांनी मणक्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. महिनाभरात. त्यानंतर किती दिवस प्रवास बंद राहील ते आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले. आणि तिकडे मेडशीला आत्याचं वय पंच्याऐंशीच्या पुढे.

मी फार मनापासून बोललो. "मॅडम, एक ऐका. भाड्यानं मोठी गाडी करू. मागं गादी टाकू. बाबाले झोपवून नेऊ, आत्याची भेट घालून आणू. हे शॉकअपचं राहू द्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"विनूभाऊ, गणित सुटत नसलं तर तसं सांगा. मी दुसऱ्याले विचारते. पण प्रश्न बदलू नका."

चाचा गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, "मॅडम, सुटते. बटणवाले मागवा." तीन दिवस बटणवाल्यांच्या विरोधात माझ्याशी भांडणारे तेच चाचा!

मी गॅसचे चारही त्याच संध्याकाळी काढून टाकले.

* * *

पुण्याहून खोका आला. मी घाईघाईनं फोडला. एक शॉकअप हातात घेतला, दाबला. फुसका! आत काही आहे की नाही असा. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसराही. माझं डोकं फिरलं. पुण्याच्या माणसाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो. रद्दी माल म्हणालो. तो बिचारा "अहो साहेब, अहो साहेब" करत होता, मी ऐकायलाच तयार नाही. दौलतबाबा बाकावर बसून होते. मॅडमचा चेहरा उतरला. ऑपरेशनला नऊ दिवस राहिले होते.

चाचांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. एक शॉकअप उचलला, फरशीवर सरळ उभा धरला. हळूच खाली दाबला, वर ओढला. दाबला, ओढला. पाच वेळा, आठ वेळा, दहा वेळा. मग माझ्या हातात दिला.

"आता दाबा."

मी दाबला. घट्ट! दोन्ही हातांचं बळ लावलं तेव्हा कुठं इंच इंच खाली गेला.

"असं कसं चाचा?"

"खोक्यात आडवं पडून आलं ते. तेल एकीकडं, हवा एकीकडं. उभं करून जरा हलवा लागते. तुमी आडवे पडून उठता तर लगेच कामाले लागता का?"

पलीकडून दौलतबाबा म्हणाले, "माहं बी सकाळी असंच हाय. दहा डाव वरखाली झाल्याबिगर चालू होत नाही."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्या गाडीसाठी आल्यापासून पहिल्यांदा.

मी पुण्याच्या माणसाला परत फोन लावला. म्हटलं, "माफ करा. माल चांगला हाय, मेकॅनिक रद्दी हाय."

तो म्हणाला, "हरकत नाही. हा फोन मला महिन्यातून चार वेळा येतो!"

* * *

मेडशीला निघालो तो दिवस सांगतो आणि थांबतो.

सोयाबीन निघून गेलेलं, तूर उभी. सकाळचे आठ. पुढच्या दोन्ही शॉकअपचं बटण चाचांनी नरमकडून तिसऱ्या घरावर ठेवलं, मागच्या दोन्हींचं दुसऱ्या. मॅडमनी स्वतः वाकून मोजून घेतलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सवयीनं ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, हँडलला हात लावला, मग मान हलवून पलीकडे जाऊन बसले. मॅडम चालवायला. मी आणि चाचा मागून मोटरसायकलवर. चाचांचं काम एकच, मागच्या चाकांकडे बघत राहणं. खड्डा आला की ते माझ्या कानात म्हणायचे, "हां." तेवढंच. त्या 'हां'चा अर्थ, शॉकअपनं खड्डा झेलला.

मालेगावला थांबलो. मी धावत जाऊन विचारलं, "बाबा, कंबर?"

"कंबर ठीक हाय."

मॅडम म्हणाल्या, "कंबर ठीक हाय, पण हे सारखे पाय दाबून राह्यले. बाबा, तिकडं ब्रेक नाही हो!"

बाबा म्हणाले, "मले मालूम हाय. पायाले मालूम नाही."

मालेगाव सोडलं. मेडशीजवळ मोठा रस्ता सोडून आत्याच्या घराकडचा आतला रस्ता धरला. तो रस्ता मला माहीत होता आणि त्याचीच मला भीती होती. कापणीच्या ट्रॅक्टरांनी कडा खाल्लेल्या, मध्ये गोटे वर आलेले. मॅडमनी वेग कमी केला. लाल गाडी त्या गोट्यांवरून चालली. चाकं वरखाली होत होती, पण वरचं अंग जागेवर. चाचा 'हां' म्हणायचंही विसरले. नुसते बघत होते.

आत्याचं घर गावाच्या कडेला, पुढे मोकळी जागा आणि निंबाचं झाड. गाडी तिथं उभी राहिली. मॅडमनी इंजिन बंद केलं. मी मोटरसायकल लावून धावत पुढे गेलो.

बाबांची मान एका बाजूला कलली होती. डोळे बंद. हात मांडीवर सैल पडलेले.

मॅडम स्टिअरिंग धरून तशाच बसलेल्या, वडिलांकडे बघत. मी दाराला हात घातला, तेवढ्यात बाबांच्या नाकातून आवाज आला. घोरत होते! शांत, एका लयीत. ओठ जरासे उघडे, कपाळावर एक आठी नाही.

आत्या दारातून बाहेर आली. नऊवारी, हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा गडू. तिनं आधी गाडीला पूर्ण चक्कर मारली. सावकाश, एकेक पाऊल टाकत. मागून पुढे, पुढून मागे. बॉनेटवर हात फिरवला. मग बाबांच्या बाजूला येऊन थांबली आणि आपल्या धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिली.

मॅडम ओशाळल्या. "आत्या, आताच डोया लागला वाटते. थांब, उठवते," म्हणत त्यांनी बाबांच्या खांद्याकडे हात नेला.

आत्यानं काठी आडवी घातली.

"उठवू नको वं," ती म्हणाली. "गाडीत डायवर झोपत नसते. मालक झोपते. झोपू दे त्याले."